खाली न ठेवलेला माईक

१

साधना भजन गात होती. माईक तिच्या हातात होता आणि माईकची वायर निसटून तिच्या मांडीवर पडली होती. तरीही अमरावतीच्या त्या भरल्या सभागृहात तिचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचत होता.

ज्योत्स्ना गावंडेनं मोबाइलवरचं ते चित्रण पाहिलं, चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा पाहिलं. हा बिनवायरचा माईक असेल, अशी शंका घ्यायलाही जागा नव्हती. माईकच्या बुडाशी वायर जिथे खोचतात, तिथल्या उघड्या पिना दिव्याच्या उजेडात चमकत होत्या.

"पाह्यलं ना बाई?" समोर बसलेले खुशालराव म्हणाले. हे तिचे थोरले भाऊ, आणि महिला भजन स्पर्धेच्या समितीचे अध्यक्ष. अमरावतीहून अकोल्याला बहिणीकडे आले की ते दारातूनच चहा मागत. आज चहा समोर निवत होता. "सारा जिल्हा हे पाहून राहिला. लोक म्हनतात, टेप लावली होती आन बाई नुसती तोंड हालवत होती. 'टेपवाली' नाव पडलं तिचं."

"आन तुले काय वाटते, दादा?"

"मले काय वाटते ते कोन विचारते? नियम साफ आहे. टेपवर काई वाजवलं का मंडळ बाद, आन पुन्हा कवाच घेनं नाई. उद्या दुपारी बैठक आहे. बाकीच्यायनं मनात ठरवूनच टाकलं. मी म्हनलं, एक दिवस थांबा, मायी बहीन पाहीन."

त्यांना बहिणीवर एवढा विश्वास असायचं कारण होतं. ज्योत्स्ना पोलिसांच्या बिनतारी खात्यातून निवृत्त झाली होती. खरखरीतून माणसांचे आवाज निवडून काढण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. त्या नोकरीनं तिला तिखट कान दिला आणि कुणाच्याही बोलण्यावर चटकन विश्वास न ठेवायची खोडही लावली. देवाधर्माचं तिला फारसं नव्हतं. भजनाचं आमंत्रण आलं तर ती नेमकी प्रसादाच्या वेळेला पोचायची.

"ते साधना काय म्हनते?"

"खंजेरी खुंटीले टांगली म्हनते. हा डाग पुसला नाई तं पुन्हा तोंड उघडनार नाई." खुशालरावांनी मोबाइल खिशात टाकला. "मी ऐकलं आहे व तिले. असा गळा बंद पडला तं मले जेवन जानार नाई."

"मी शोधीन," ज्योत्स्ना म्हणाली. "पण खोटं निघालं तं भर बैठकीत तसंच सांगीन. मंग मले म्हनू नको."

२

बार्शीटाकळीच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच साधनाच्या सासरचा मळा होता. शेवंती ऐन भरात होती आणि घरातल्या बाया तोडणीला लागल्या होत्या. एरवी या तोडणीला गाणं असायचं म्हणे. आज फुलं तोडल्याचा आवाज तेवढा येत होता.

साधनानं टोपली खाली ठेवली आणि पाहुणीला ओसरीवरच्या चटईवर बसवलं. तिच्यामागोमाग तिची चुलतसासू गोदाबाई येऊन बसली. मंडळ गोदाबाईनं उभं केलेलं. साधनासकट सगळ्या बायकांना खंजेरी तिनंच शिकवली होती आणि स्पर्धेत साधनाच्या उजव्या हाताला बसून तीच वाजवत होती.

"डोये मिटून गात होती मी, मावशी," साधना म्हणाली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण बोलणं सरळ होतं. "मांडीवर काईतरी पडलं, तेवढं कळलं. मंग आवाज दूर गेल्यावानी झाला. मले वाटलं आता संपलं. थोड्या वेळानं परत आला. मी म्हनलं, देवानं ऐकलं मायं."

"देव वायरी जोडत नाई," ज्योत्स्ना म्हणाली. "वायर निसटली हे कळलं ना तुले? मंग माईक खाली ठेवून मोकळ्या गळ्यानं कावून नाई गायली?"

साधना तिच्याकडे बघतच राहिली. पाहुणीनं देव्हारा अंगणात काढून ठेवायला सांगितलं असतं तरी ती अशीच बघत राहिली असती.

"खाली कसा ठेवाव?"

मग ज्योत्स्नाला त्या मंडळाची रीत कळली. गावच्या सप्ताहात वीणा भुईला टेकवत नाहीत. एकाचा पहारा संपला की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मंडळात माईक आले तेव्हा गोदाबाईनं तोच नेम माईकला लावला. हातात घेतलेला माईक भजन पुरं होईपर्यंत खाली ठेवायचा नाही, आणि झाल्यावर हातातून हातात द्यायचा. कार्यक्रमाआधी गाण्याच्या आणि खंजेरीच्या दोन्ही माइकांना हळदकुंकू लावून पूजाही व्हायची.

हे ऐकता ऐकता ज्योत्स्नाचे गुडघे भरून आले. तिनं पाय थोडा लांब केला, तो चटईवर ठेवलेल्या गोदाबाईच्या खंजेरीला लागला.

"पाय लागला वाद्याले," गोदाबाई तडक म्हणाली. "पाया पड, बाई."

तो आवाजच असा होता की निवृत्त पोलिसानं निमूट खंजेरीला हात लावला आणि डोळ्यांना लावला. गोदाबाई जरा मऊ झाली. "राग मानू नको. पोरींले मी पयलं हेच शिकवते. ज्याच्यावर आपलं भजन चालते त्याले पाय लावू नाई. लागलाच तं तिथंच पाया पडाव."

"बरोबर आहे," ज्योत्स्ना म्हणाली. "गोदाबाई, तुमी तिच्या शेजारी होत्या. तुमाले काय दिसलं?"

"मी वाजवत होती."

"वायर पडलेली दिसली?"

"मी वाजवत होती," गोदाबाई पुन्हा म्हणाली आणि लुगड्याच्या घोळात दोन्ही पाय ओढून घेतले. ही बाई खोटं बोलत नव्हती, पण तिच्या पोटात काहीतरी होतं, एवढं मात्र ज्योत्स्नाला पक्कं कळलं.

३

तक्रार पातूरच्या इंदूबाईची होती. चित्रण तिच्याच मोबाइलमधलं, तिचंही मंडळ अंतिम फेरीत होतं आणि साधनाच्या अगोदर ती त्याच माईकवर गायली होती. एवढं सगळं एका माणसाच्या वाट्याला आलं की पोलिसांना ते माणूस आवडायला लागतं. ज्योत्स्ना त्याच दुपारी पातूरला गेली.

इंदूबाई वांग्यांच्या ढिगामागे बसली होती. "माह्यावर डाऊट आहे ना?" ज्योत्स्नानं ओळख सांगताच ती म्हणाली. "घ्या. मी लपवत नाई. वायर पडलेली मले दिसली, कारन मी गानारी बाई आहे, माह्यी नजर माईकवरच असते. आवाज तरी येऊन राहिला, तं मी मोबाइल तिकडं धरला आन तक्रार केली. तुमी काय केलं असतं?"

"माईक तुमच्यापासून तिच्याकडं गेला?"

"माह्याच हातातून. आन तवाच त्याची वायर ढिली होती. कड्याले काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, गाता गाता ते सुटत आली. खाली उतरल्यावर मी साउंडवाल्या धर्मेंद्रले सांगतलं बी. तो म्हने, काई होत नाई काकू."

ज्योत्स्नानं आपला मोबाइल पुढे केला. "लोकायनं मधलाच तुकडा पाठवला. मले अख्खं पायजे, पयल्यापासून पाया पडेस्तोवर."

इंदूबाईनं चित्रण पाठवलं आणि वर एक वांगं तिच्या पिशवीत टाकलं. "टेप निघाली तं बाद करा. पण नसन ना, तं मले बी सांगा. तिचा गळा ऐकल्यापासून मले झोप नाई. असं गाऊन कोन टेप लावते व?"

परतीच्या एसटीत ज्योत्स्नानं कानात इयरफोन घातले. आधी तिनं चित्र पाहिलं. सुरुवातीला साधनाच्या उजव्या खांद्यावर शेवंतीच्या रंगाचा पदर स्वच्छ दिसत होता. वायर निसटल्यावर थोड्या वेळानं त्या पदरापुढे एक काळं बोंड आलं आणि शेवटपर्यंत तिथेच राहिलं. गोदाबाई फक्त कंबरेच्या वर दिसत होती, दोन्ही हात खंजेरीवर. भजन संपलं, सगळ्या बायांनी प्रेक्षकांना नमस्कार केला. गोदाबाई मात्र त्याआधी वाकली आणि तिनं हात डोळ्यांना लावले. माऊली भाविक दिसते, असं म्हणून ज्योत्स्नानं ते सोडून दिलं.

मग तिनं डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. एसटीचा खडखडाट तिला नवा नव्हता, आयुष्यभर तिनं याहून वाईट खरखर ऐकली होती. आवाज पडला तिथे ती थांबली, मागे गेली, पुन्हा ऐकलं. शेजारच्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं, इतकी ती जागच्या जागी ताठ झाली होती. टेप नव्हती, हे तिला आता कळलं होतं. साधनाचा आवाज कुठून आला तेही कळलं होतं. फक्त तो तिथे गेलाच कसा, हे कळत नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीच्या राजापेठेतल्या दुकानात धर्मेंद्र खोकी आवरत होता. साउंडचा धंदा करणारा, गोड बोलणारा, आणि लग्नसराईच्या तोंडावर भलताच घाईत असलेला माणूस.

"मॅडम, मी मिक्सरले हात बी लावला नाई," तो म्हणाला. "आवाज पडलाच नव्हता."

"एक माईक लाव," ज्योत्स्ना म्हणाली.

त्यानं स्पर्धेतलाच एक माईक जोडला. तो साधा डायनॅमिक माईक होता, गाण्यालाही तोच चालतो आणि वाद्यालाही तोच. त्याला निराळी वीज लागत नाही आणि पडला तरी सहसा बिघडत नाही, म्हणून गावोगावच्या कार्यक्रमांत तोच दिसतो. ज्योत्स्नानं तो ओठांजवळ धरून म्हटलं, "धर्मेंद्र खोटं बोलते." दुकानभर भरदार आवाज घुमला. मग तिनं माईक हातभर लांब धरला आणि तेच वाक्य म्हटलं. या वेळी आवाज पातळ आणि पोकळ आला.

"आता हे ऐक," तिनं मोबाइल लावला. "इथं वायर निसटली, आवाज पडला. इथं तो परत आला, पण पातळ होऊन आला, तुह्या माईकपासून दूर उभं राहिल्यावानी. टेपवरची बाई मधातच माईकपासून दूर कायले जाईन? आन खंजेरी ऐक. साधनाचा आवाज वाढला तवाच खंजेरी बी तेवढीच वाढली, आन एक बारीक शिटी वाजली. दोन्ही एकाच माईकमधून येऊन राहिले. खंजेरीच्या माईकमधून. तो वाढवला तूच."

धर्मेंद्र खोक्यावर बसला. खरं बोलायची वेळ आली की काही माणसांना आधी पाणी लागतं, तसं त्यानं पाणी मागवलं.

"त्या वायरीचा माईकमधी अडकनारा खटका तुटला होता," तो म्हणाला. "पट्टी लावून नेली. इंदूकाकूनं सांगतलं तरी बदलली नाई. आवाज पडला तसं घाबरून जे दुसरं बटन हाती लागलं ते वर केलं, तं आवाज आला. मॅडम, टेप नव्हती, पोरांची शपथ. पण बोललो असतो तं तुटकं सामान आनलं म्हनून नाव गेलं असतं मायं."

"तुयं नाव राहाव म्हनून त्या पोरीचं जाऊ दिलं. आन मूग गिळून बसला."

त्यानं पेला खाली ठेवला. मग न राहवून म्हणाला, "पण एक सांगू? मले बी ते कोडं आहे. हा माईक समोरचं घेते, पाठीमागचं नाई घेत. खंजेरीच्या माईकचं तोंड मी सोता गोदाआजीकडं लावलं होतं, साधनाताईकडं त्याची पाठ होती. बटन कितीबी वर केलं असतं तरी असा आवाज आला नसता. त्या माईकनं तोंड कसं फिरवलं?"

ज्योत्स्नाला पदरापुढचं काळं बोंड आठवलं. ते खंजेरीच्या माईकचं तोंड होतं. माईक कुणीतरी फिरवला होता. तिथे हात पोचेल अशी एकच बाई होती आणि तिचे दोन्ही हात तर सगळ्या सभागृहासमोर खंजेरी वाजवत होते. मग तिला भजनानंतर गोदाबाईनं वाकून केलेला तो नमस्कार आठवला. आपण किती मोठी गोष्ट भाविकपणाच्या खात्यात टाकून मोकळ्या झालो, याची तिला लाजच वाटली. ती तशीच उठली आणि रिक्षा करून सभागृहावर गेली.

५

मंडळाच्या बाया बैठकीसाठी येऊन व्हरांड्यात बसल्या होत्या. ज्योत्स्नानं गोदाबाईला बाहेर निंबाखाली नेलं.

"पूजा तं भजनाच्या आधीच झाली होती," ती म्हणाली. "मंग भजन संपल्यावर तुमी माईकच्या पाया कावून पडल्या, गोदाबाई?"

गोदाबाईनं आपल्या पायांकडे पाहिलं.

"पाय लागला का तिथंच पाया पडाव. काल तुमीच मले शिकवलं."

गोदाबाईचे डोळे भरून आले. "हात मोकळे नव्हते व," ती म्हणाली. "ठेका सोडला असता तं भजन मोडलं असतं. वायर पडलेली दिसली. पोरगी डोये मिटून गाऊनच राहिली होती. मी पाय लांब केला आन अंगठ्यानं स्टँडचं बूड फिरवलं. माईक तिच्याकडं सरकवला, वरतून खंजेरी हलकी केली. हळदकुंकू लावलेला माईक. मी, जे पोरींले जलमभर सांगत आली."

"तिले तरी सांगाव ना."

"रोज सांगाव म्हनत होती. तोंडच उचलत नव्हतं. ज्या पोरी मायं ऐकून पाय आवरून बसतात, त्यायले काय तोंड दाखवू?" तिनं डोळे पुसले. "मी गप्प रायली तं तिचं नाव गेलं. बोलली तं मायं जाते."

"मी तोंडानं सांगतलं तं समिती ऐकून घेईन, पण मानेल असं नाई," ज्योत्स्ना म्हणाली. तिला या म्हातारीवर रागावता येत नव्हतं. "त्यायले डोयानं पाह्यला लागन. ते दाखवनारी एकच बाई आहे. मी जबरदस्ती करनार नाई."

बैठक सुरू झाली. धर्मेंद्रनं सगळ्यांसमोर वायरीचा तुटका खटका कबूल केला. समितीतल्या एका गृहस्थांना ते पुरेना. वायर निसटलेला माईक हातात धरून गाणारी बाई खंजेरीच्या माईकमधून ऐकू येते, हे तुम्ही आम्हाला शेंड्या लावता आहात, असं ते म्हणाले.

"मंग पाहा," दारातून गोदाबाई म्हणाली.

मंचावर पुन्हा दोन माईक मांडले गेले. साधनाच्या हातातल्या माईकची वायर खुशालरावांनी स्वतः काढून टाकली. इंदूबाई पहिल्या रांगेत येऊन बसली. काय होणार आहे हे साधनाला माहीत नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि भजन धरलं. सभागृहात खंजेरी तेवढी वाजत होती, साधनाचा आवाज कुठे मागे हरवला होता.

गोदाबाईनं ठेका न सोडता उजवा पाय पुढे केला. सगळ्या मंडळाच्या देखत तिनं अंगठा स्टँडच्या बुडाला लावला आणि ते हळूहळू फिरवलं. माईकचं तोंड साधनाकडे वळलं, धर्मेंद्रनं आवाज वर केला आणि सभागृह साधनाच्या गळ्यानं भरलं. जरा पातळ, जरा दुरून, चित्रणात होता अगदी तसाच. शेंड्यांची तक्रार करणारे गृहस्थ खुर्चीतून पुढे वाकून ऐकत होते. साधनानं डोळे उघडले ते नेमके गोदाबाईच्या पायाकडे पाहत. ती गाता गाता थबकली, पण भजन सोडलं नाही, पुरं केलं.

भजन संपल्यावर गोदाबाई माईकच्या पाया पडायला वाकली. तेवढ्यात साधना उठली, आणि स्टँडला टेकलेल्या त्या पायावरच तिनं कपाळ ठेवलं. मागून मंडळातली एकेक बाई मंचावर येऊ लागली. गोदाबाई पाय ओढून घेत होती, त्या घेऊ देत नव्हत्या.

"बैठक संपली," खुशालराव म्हणाले. "मंडळ बाद नाई. कोनाले काही म्हनाचं आहे?"

"मायी तक्रार मी परत घेतली," इंदूबाई म्हणाली. "आन आज रात्री मले झोप येईन."

त्या गर्दीत साधना उजव्या हातानं डोळे पुसत इकडे तिकडे बघत होती. वायर नसलेला माईक अजून तिच्या डाव्या हातात होता. तिला गोदाबाईला मिठी मारायची होती आणि हात मोकळा होत नव्हता. समोर ज्योत्स्ना दिसली, तसा तिनं तो तिच्याकडे दिला आणि पळाली.

ज्योत्स्ना माईक घेऊन उभी राहिली. शेजारी चांगलं मोकळं टेबल होतं. तिनं एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा मंचावरच्या त्या रडणाऱ्या-हसणाऱ्या बायांकडे पाहिलं. चहा आला, खुशालरावांनी कप पुढे केला, "धर बाई," म्हणाले.

"थांब दादा," ती म्हणाली. "आधी हे कोनाच्या तरी हातात देऊ दे."